निवेदक कोणाच्या भाषेत बोलतो?

आपल्या कथा-कादंबऱ्यांत एक सोय रूढ आहे. पात्रं बोलीत बोलतात आणि अवतरणचिन्ह संपलं की निवेदक प्रमाण भाषेत परततो. मला हे कधी खटकलं नव्हतं. जेम्स केलमन वाचला आणि खटकायला लागलं.

केलमन ग्लासगोचा, जन्म १९४६चा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो छापखान्यात उमेदवारीला लागला, पुढे बसवर नोकरी केली. १९८४ साली आलेल्या ‘द बसकंडक्टर हाइन्स’चा नायकही कंडक्टरच. पण केलमनचं वेगळेपण या अनुभवात नाही. त्याने अवतरणचिन्हंच काढून टाकली. संवाद, मनातले विचार, निवेदन, सगळं ग्लासगोच्या कामगारांच्या एकाच बोलीत. पात्राला वरून न्याहाळणारा, त्याच्यापेक्षा ‘शुद्ध’ बोलणारा कुणी उरतच नाही.

‘हाउ लेट इट वॉज, हाउ लेट’मध्ये सॅमी पोलिसांचा मार खातो आणि त्याची दृष्टी जाते. मग सरकारी मदतीसाठी खेटे. डॉक्टर त्याला तपासतो, पण ‘हा आंधळा आहे’ एवढं सरळ वाक्य काही बोलत नाही. सावध, गुळगुळीत शब्दांत निसटतो. कादंबरीचं मर्म मला इथे दिसतं. प्रमाण भाषा इथे जबाबदारी टाळायच्या कामी येते, तर शिवराळ बोली खरं बोलते.

या कादंबरीला १९९४चं बुकर मिळालं आणि गदारोळ झाला. परीक्षक ज्युलिया न्यूबर्गर यांनी निकालावर उघड टीका केली. लोकांनी पुस्तकातल्या शिव्या मोजल्या. केलमनने पुरस्कार स्वीकारताना आपल्या भाषेचा आणि संस्कृतीचा हक्क ठणकावून सांगितला.

त्याच्या मर्यादाही आहेत. पावणेचारशे पानं एकाच डोक्यात राहून दम लागतो. सॅमीची मैत्रीण हेलन तर कादंबरीभर गायबच. तिची बाजू आपल्याला कळत नाही. एकाच आवाजाशी इमान राखण्याची ही किंमत आहे, आणि ती मला थोडी जास्त वाटते.

तरी मी केलमनच्या बाजूने आहे. बुलढाण्याहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो, तेव्हा होस्टेलवर माझ्या ‘पानी’ला सगळे हसले. दोन महिन्यांत मी ‘पाणी’ म्हणायला लागलो. आजही आईला फोन लावला की ‘पानी’ परत येतं.

पण हा लेख मात्र मी प्रमाण मराठीतच लिहिलाय.