ध्वजसंहितेतले कापड

‘भारतीय ध्वजसंहिता, २००२’ बारकाईने वाचली, की तिच्यातील दोन तरतुदींचा मेळ सुटलेला मला दिसतो. मूळ संहितेनुसार तिरंगा हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या लोकरी, सुती वा रेशमी खादी कापडाचा असे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रनिर्मित ध्वज आणि पॉलिस्टर यांना मान्यता मिळाली. ध्वज सामान्यांच्या आवाक्यात आला. हा लाभ मी कमी लेखत नाही.

मात्र फाटलेल्या ध्वजाविषयीची तरतूद जुनीच राहिली. असा ध्वज एकांतात, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखणाऱ्या अन्य रीतीने पूर्णपणे नष्ट करावा, असे ती सांगते. सुती खादीची राख होते. पॉलिस्टर वितळते, त्याचा काळा चिकट गोळा उरतो. म्हणजे कापड बदलले, त्याचा अंत्यविधी तोच राहिला. ‘अन्य रीत’ कोणती, याचा खुलासा संहितेत नाही.

फडकवण्याचे नियम आपण दरवर्षी उगाळतो. संहितेची कसोटी १६ ऑगस्टला, ध्वज उतरल्यावर लागते. पुढची दुरुस्ती व्हावी ती इथे.