उत्तर बरोबर, रीत चूक

बारावीच्या प्रश्नसंचांत हमखास भेटणारा एक प्रश्न घेऊ. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका मोलचा दहा कोटीवा भाग पाण्यात मिसळून एक लिटर द्रावण केले, तर २५ अंश सेल्सिअसला त्याचा सामू (पीएच) किती? पर्याय : (अ) ८ (आ) ७ (इ) ६.९८ (ई) ६.

सूत्रात आकडा घातला की ८ येतात. पण आम्ल घालून पाणी अल्कधर्मी कसे होईल? आपण पाण्यालाच विसरलो! एक लिटर शुद्ध पाण्यात मोलचा कोटीवा भाग हायड्रोजन आयन मुळातच असतात. म्हणजे या आम्लाने दिलेल्या आयनांच्या दसपट. इथवर प्रश्न छानच आहे. माझी तक्रार आहे ती पर्यायांबद्दल.

आम्ल आहे, म्हणून ८ आणि ७ बाद. सामू ६ व्हायला शुद्ध पाण्याच्या दसपट हायड्रोजन आयन लागतात, ते एवढ्याशा आम्लातून येणार कुठून? उरले ६.९८. गणित न करता उत्तर आले. हा विचार मला गैर वाटत नाही, तोही रसायनशास्त्राचाच आहे.

खरा घोटाळा पुढेच आहे. दुसरा विद्यार्थी सरळ बेरीज करतो : पाण्याचा १ आणि आम्लाचा ०.१, मिळून १.१ कोटीवा भाग. सामू ६.९६. जवळचा पर्याय ६.९८, त्यालाही पूर्ण गुण! मी पाहिलेल्या एका मार्गदर्शकात तर स्पष्टीकरणात हीच बेरीज होती आणि खाली उत्तर ६.९८. वास्तविक आम्लाचे आयन आले की पाण्याचे स्वतःचे विघटन मागे रेटले जाते. पाण्याचा वाटा 'क्ष' धरला, तर क्ष × (क्ष + ०.१) = १; म्हणून क्ष सुमारे ०.९५, एकूण १.०५ आणि सामू ६.९८. समान आयन परिणाम तो हाच. बेरजेची सवय लागलेला मुलगा पुढे तीव्र व दुर्बल आम्लांच्या मिश्रणातही तेच करतो, आणि तिथे फरक दुसऱ्या दशांश स्थळापुरता राहीलच असे नाही. (ई) मध्ये ६ ऐवजी ६.९६ छापले असते, तर चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती.

(प्रयोगशाळेत मात्र ६.९८ शोधू नये. उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू ५.६ च्या आसपास उतरतो.)

वर्गात हाच प्रश्न ६० अंशांसाठी विचारून पाहा. त्या तापमानाला शुद्ध पाण्याचाच सामू सुमारे ६.५ असतो. चारही पर्याय निकामी होतात आणि मुलांना वही उघडावी लागते.