जात चोरण्याची नवी शाळा

अर्नेस्ट क्लाइन या अमेरिकन लेखकाची 'रेडी प्लेअर वन' ही कादंबरी २०११ साली आली. २०१८ मध्ये स्पिलबर्गने तिच्यावर चित्रपट काढला. पण मला जी महत्त्वाची वाटते ती आभासी शाळा चित्रपटात नाहीच.

नायक वेड हा ओक्लाहोमा सिटीतल्या, एकावर एक रचलेल्या डब्यांसारख्या घरांच्या वस्तीतला अनाथ पोरगा. खऱ्या शाळेत त्याची टवाळी होते, म्हणून तो आपण होऊन आभासी शाळेत नाव घालतो. यंत्र, चष्मा, हातमोजे सारे शाळा फुकट देते. छळणाऱ्याचा आवाज तेथे बंद करता येतो. इतिहासाचा तास तुतनखामेनच्या थडग्यात, १९२२ सालात भरतो. माझे वडील व्हरांड्यात बसून शिकले. घरातला पहिला पदवीधर मी. विद्यार्थी यंत्राला भुलले, अशी तक्रार आमच्या स्टाफरूममध्ये नेहमीची. क्लाइन निदान एवढे तरी जाणतो की पोरगा यंत्राकडे धावत नाही, तो वर्गातून सुटका करून घेतो.

आणि सुटतो तरी कुठे? शाळेचा तो आभासी ग्रह सोडून दुसरीकडे जायचे तर भाडे पडते, आणि वेडच्या खिशात दमडी नाही. प्रवेश फुकट, पुढची वाट विकतची! फ्रीशिपवर शिकून एस.टी.च्या पैशांसाठी मुलाखत चुकवणाऱ्यांना हे प्रकरण वेगळे शिकवावे लागणार नाही. कादंबरीतले हे सर्वांत खरे पान. पण लेखक तेथे थांबत नाही, त्याला जुन्या व्हिडिओ गेमची कोडी सोडवायची घाई आहे.

वेडचा जिवलग मित्र एच हा गोरा, रुबाबदार तरुण. शेवटी कळते की ती काळी मुलगी आहे. तिच्या आईने या जगात गोऱ्या पुरुषाचे रूप घेऊन नोकरीधंदा केला आणि लेकीलाही तीच वाट दाखवली. (अवतार घेण्याची सोय आमच्याकडे आजवर देवांनाच होती.) येथे मला बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' आठवली. १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहात आलेल्या या कथेत चोरी उघड होताच नायकाला मार बसतो. क्लाइनच्या कादंबरीत चोरी उघड होताच नायक क्षणभर दुखावतो आणि मग, आपली मैत्री तीच, असे ठरवून मोकळा होतो. माफ करणारा तो, चोरी करावी लागणारी ती! त्या आईने रोज सकाळी गोरा देह चढवताना काय गिळले असेल, हे या लेखकाला विचारावेसेही वाटत नाही. बागुलांनी ते विचारले असते.

तरीही ही कादंबरी मी झटकून टाकू शकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत माझा वर्ग मोबाइलवर भरत असे. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी कॅमेरा बंद ठेवून, नुसत्या पहिल्या नावाने, प्रश्नामागून प्रश्न विचारी. कॉलेज उघडले आणि ती पुन्हा शेवटच्या बाकावर गप्प झाली. परवा मी तिला या शाळेची गोष्ट सांगितली. तिने एवढेच विचारले, "सर, तिथं हजेरीला आडनाव घेतात का?"

नाही. पहिले नाव, आणि त्यापुढे एक आकडा.

"मग मी आजच जाते, सर," ती म्हणाली.