'उपलब्ध नाही': एका वाक्याची समीक्षा

समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची होते. मला इथे एका वाक्याची करायची आहे: 'हा आशय आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.' परदेशातला फुटबॉल सामना फोनवर थेट पाहायला गेलं, की कधी ना कधी हे वाक्य समोर येतं. आपण ते वाचत नाही, चरफडत बंद करतो. वाचायला घेतलं तर मात्र त्यात बरंच काही सापडतं.

आधी व्याकरण. या वाक्यात कुणी काही केलेलंच नाही. 'बाजारात कांदा उपलब्ध नाही' म्हणावं तसा सूर आहे. जणू यंदा पीकच आलं नाही. प्रत्यक्षात सामना त्या क्षणी चालू असतो, त्याचं चित्रण जगभर पोचत असतं आणि माझ्या फोनपर्यंत यायलाही त्याला काही अडचण नसते. कुणीतरी ते अडवलेलं असतं. 'आम्ही अडवलं' या सकर्मक क्रियेला 'उपलब्ध नाही' या शब्दांनी टंचाईचं रूप दिलं आहे. सरकारी पत्रव्यवहारात ही भाषा आपल्या ओळखीची आहे. अडवणाऱ्याचं नाव तिथेही नसतं.

मग 'प्रदेश' हा शब्द. मी सॉफ्टवेअर अभियंता आहे आणि अशा अटी लिहिणं आमच्या पेशात रोजचं आहे. पडद्यामागे एक साधा तक्ता असतो: कोणता सामना, कोणता देश, केव्हापासून, केव्हापर्यंत, कुणाकडे हक्क. फोनच्या आयपी पत्त्यावरून देश ठरतो, तो तक्त्यात जुळला नाही की हे वाक्य दिसतं. माझं गाव कनेरगाव नाका, हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं. तिथून फोन लावला तरी त्याचा पत्ता बहुतेकदा कंपनीच्या एखाद्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा निघतो. म्हणजे 'आपला प्रदेश' म्हणताना त्या यंत्रणेला ना हिंगोली ठाऊक असते ना मराठवाडा. प्रदेश म्हणजे करारातला एक रकाना.

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे, म्हणून तुलना सुचते. नाक्याच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. एकेकाळी अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजी अंमलातलं वऱ्हाड. निजामाच्या हद्दीवर मालाची जकात घेत, तिला करोडगिरी म्हणत. ती काही प्रेमाची गोष्ट नव्हती. पण जकात नाक्यावर निदान माणूस बसलेला असतो. पैसे किती आणि कुणाच्या तिजोरीत, हे विचारता येतं, हुज्जत घालता येते आणि पैसे भरले की बैलगाडी पुढे जाते. या नव्या नाक्यावर पैसे द्यायची तयारी असली तरी ते कुणाला द्यायचे, हे ते वाक्य सांगत नाही.

आता दुसरी बाजूही पाहू. प्रक्षेपणाचे हक्क देशानुसार विकले जातात म्हणूनच इंग्लिश प्रीमियर लीग आपल्याला इंग्लंडपेक्षा कितीतरी स्वस्तात पाहता येते. इतकंच काय, शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे तिथले सामने खुद्द ब्रिटनमध्ये थेट दाखवत नाहीत. लोक घरी बसले तर छोट्या क्लबांची मैदानं ओस पडतील, या भीतीने 1960 च्या दशकात ही प्रथा पडली. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड तिचे मोठे पुरस्कर्ते. आजही तिथे पावणेतीन ते सव्वापाच ही वेळ राखीव आहे. आपल्याकडे तेव्हा हंगामानुसार साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात आणि यातले सामने आपण आरामात पाहू शकतो. तेव्हा सीमा नेहमी आपल्याच विरोधात असते असं नाही. शिवाय त्या बंदीचं कारण सगळ्यांना माहीत आहे. ते पटो न पटो, त्यावर तिथे साठ वर्षं वाद चालू आहे. कारण सांगितलेलं असलं की वाद तरी घालता येतो.

या सीमेवर सर्वांत मजेदार टीका एका न्यायालयाने केली आहे. पोर्ट्समथमध्ये पब चालवणाऱ्या कॅरेन मर्फी यांनी महागडी ब्रिटिश जोडणी न घेता ग्रीसमधलं डीकोडर कार्ड आणून सामने दाखवले. त्यांना दंड झाला. प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं आणि 4 ऑक्टोबर 2011 रोजी निकाल लागला: युरोपियन महासंघात दुसऱ्या देशाचं कार्ड वापरण्यावर अशी सरसकट बंदी घालता येणार नाही. त्यात साहित्याच्या वाचकाने थबकावं असा एक मुद्दा आहे. फुटबॉलचा सामना ही लेखकाची असावी तशी निर्मिती नाही, कारण नियमांच्या चौकटीत त्या अर्थाने सर्जक स्वातंत्र्याला जागा नाही. म्हणून सामन्यावर कॉपीराइट नाही. लीगचं गीत, सुरुवातीची चित्रफीत, पडद्यावरची चिन्हं यांच्यावर मात्र आहे. मेस्सीचा गोल 'कृती' नाही आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह 'कृती' आहे! कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेलही, पण त्यातून एक गोष्ट उघड होते. विकला जातो तो खेळ नसतो. विकली जाते तो बघण्याची वाट.

त्या वाटेवर कुणाचा हक्क, हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारला गेला होता. 1993 च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात भांडण झालं. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती प. बा. सावंत यांच्या त्या निकालपत्राने प्रक्षेपण वाहून नेणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं ठरवलं आणि वादी-प्रतिवादींच्या मधे प्रेक्षकाला आणून उभं केलं. माहिती मिळवण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येतो, आणि सरकारी मक्तेदारी वाईट म्हणून खासगी मक्तेदारी चांगली ठरत नाही, ही त्याची दिशा होती.

याच दिशेने 2007 चा कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचं. फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामनेही त्या यादीत आले. पण हे चित्रण फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि त्याच्या डीटीएचसाठी. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर केबलवाल्यांनाही त्यातून वगळलं. फोनचं नाव या कायद्यात नाही.

माझी खरी हरकत इथे आहे. गावातली पोरं आज सामने बघतात ते फोनवर. त्या फोनमधला डेटा येतो तोही लहरींवरूनच. त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत म्हणून तर सरकार त्यांचा लिलाव करतं. ज्या हवेतून दूरदर्शन येतं त्याच हवेतून फोनवरचा सामना येतो. एकीकडे प्रेक्षकाला हक्क आहे, दुसरीकडे तो निव्वळ ग्राहक आहे. फोनवर जे फुकट मिळालं ते कंपन्यांच्या मर्जीने मिळालं. 2018 पासून तीन मोसम स्पेनच्या ला लीगाचे सामने आपल्याला फेसबुकवर फुकट दिसत होते. करार संपला, सोय संपली. 2022 चा विश्वचषक जिओसिनेमावर फुकट होता. कोल्हापूरच्या पेठांनी मेस्सी-रोनाल्डोचे फलक उभारले आणि खेड्यापाड्यांत एकेका फोनभोवती चार-चार डोकी जमली. पण कंपनीने आपणहून दिलेलं आपणहून काढून घेता येतं, आणि त्याची दाद कुठे मागणार?

चोरट्या साइटींचं समर्थन मी करणार नाही. हक्कांच्या पैशावर क्लब चालतात, खेळाडू घडतात. सगळेच सामने फुकट दाखवा, असंही म्हणणं नाही. मागण्या दोनच आहेत. 2007 च्या यादीतले मोजके सामने फोनवरही सर्वांना दिसावेत, त्यासाठी कायद्यात तिसरं माध्यम जोडलं जावं. आणि ते वाक्य बदलावं. 'या सामन्याचे भारतातले हक्क अमुक कंपनीकडे, अमुक तारखेपर्यंत आहेत. तिथे इतक्या पैशांत दिसेल', किंवा 'भारतासाठी हे हक्क कुणीच घेतलेले नाहीत, म्हणून आम्ही दाखवत नाही.' हक्क कुणाचे आणि केव्हापर्यंत, हे त्या तक्त्यात आधीपासून असतं. ते पडद्यावर आणायला माझ्यासारख्या माणसाला एक दुपार पुरेल. त्यासाठी फक्त वाक्याला कर्ता असावा असं कुणाला तरी वाटायला हवं.