रॉक संगीत, श्रद्धा आणि काही ध्वनिमुद्रिका

रॉक संगीताविषयी आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत दोन ठाम मते आढळतात, आणि दोन्ही मते बहुधा गाणे पुरते न ऐकताच बनविलेली असतात. एक मत असे की, हे संगीत म्हणजे गोंगाट, व्यसने आणि बेताल वागणूक. ते घरात नको. दुसरे मत असे की, गाण्यात येशूचे नाव असले म्हणजे झाले. मग त्याची चाल, शब्द आणि गळा कसाही असो. पहिल्या मतामुळे काही उत्तम ध्वनिमुद्रिका उंबऱ्याबाहेर राहिल्या. दुसऱ्या मतामुळे कितीतरी सुमार ध्वनिमुद्रिका घरातील वेदीशेजारी जाऊन बसल्या. या दुसऱ्या मताचा धोका आम्हांस अधिक वाटतो.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, छावणीत हा प्रश्न जरा अधिकच जाणवतो. ही वस्ती मुळात फौजेसाठी वसलेली. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेली मराठी कुटुंबे आणि गोवा, तामिळनाडू, केरळ येथून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे येथे एकाच मिस्सेला येतात. एका घरी पेटी आणि ढोलकीवर भजन चाललेले असते, तर शेजारच्या घरी मुलगा गिटारच्या तारा जुळवीत बसलेला असतो. मुंबईस जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती यादी देऊन काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’मधून कॅसेटी आणविणे हा एके काळी मोठा सोहळा असे. ते दुकान २०१६ साली बंद झाले. आता मुलांच्या खिशातील फोनवर सारे जग वाजते. पूर्वी मिळविणे कठीण होते, आता निवडणे कठीण झाले आहे. आणि निवडताना मुलाच्या हाती ‘ख्रिस्ती’ या शिक्क्यापलीकडे काही कसोटी आपण दिलेली नाही.

वाद्यांविषयीचा संकोच ख्रिस्तसभेस नवा नाही. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई होती. ढोल आणि झांजा यांचीही गणना त्यांनी गोंगाटी वाद्यांत केली होती. साठ वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडले. अट एवढीच की, ती पवित्र उपयोगास योग्य असावीत किंवा तशी करता यावीत. आपल्या खेड्यांतील मिस्सेत ढोलकी आज निःसंकोच घुमते ती याच दारातून आत आली. तेव्हा वाद्यावरून पावित्र्य ठरविण्याचे दिवस गेले, असे म्हणावयास हरकत नसावी. तरीही, उपासनेतील संगीत ही एक गोष्ट आणि घरी बसून ऐकावयाची ध्वनिमुद्रिका ही दुसरी. येथे आम्ही या दुसरीविषयीच लिहीत आहोत.

‘ख्रिस्ती रॉक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या संगीताचा आरंभ पुष्कळ जण लॅरी नॉर्मन यांच्या १९६९ सालच्या ‘अपॉन धिस रॉक’ या ध्वनिमुद्रिकेपासून मानतात. नॉर्मन यांच्या गाण्यांत एक खरा खडबडीतपणा होता. रस्त्यावरची माणसे, युद्ध, एकटेपणा यांना त्यात जागा होती. पुढे या संगीताचा स्वतंत्र बाजार झाला, स्वतंत्र दुकाने झाली आणि मग तो खडबडीतपणा घासून गुळगुळीत करण्यात आला. ‘पेट्रा’ हा वाद्यवृंद घ्या. वादन सफाईदार, आवाज कसलेले. पण एका बैठकीत दहा गाणी ऐकली की वाटते, या माणसांस कधी रात्री झोप लागली नाही असे झालेच नसावे. ‘स्ट्रायपर’ या मंडळींनी पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचा पोशाख केला, बोधचिन्हात यशया ५३:५ हा संदर्भ घातला आणि कार्यक्रमात श्रोत्यांकडे नवा करार फेकला. १९८६ साली आलेल्या त्यांच्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’मधील गिटार आजही दाद घेते. मात्र यशयाच्या त्या अध्यायात जो दुःखाने पिचलेला सेवक आहे, तो त्यांच्या गाण्यांत आम्हांस भेटला नाही. एमी ग्रँट यांच्या १९९१ सालच्या ‘हार्ट इन मोशन’वर त्यांच्याच चाहत्यांनी टीका केली, कारण त्यातली गाणी देवाविषयी कमी आणि घरसंसाराविषयी अधिक होती. आमच्या मते ती टीका अनाठायी होती. आईने मुलासाठी गायिलेले आनंदी गाणे श्रद्धेच्या बाहेरचे कसे?

परक्यांस नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या घरी काय चालले आहे? मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांच्या ज्या कॅसेटी आणि तबकड्या गेली तीसचाळीस वर्षे आपल्या सणांना वाजत आल्या, त्यांपैकी पुष्कळांत कीबोर्डच्या पेटीतला तयार ठेका असतो, चित्रपटातील गाजलेली चाल असते, आणि तीवर ‘तारणारा’ व ‘उद्धारणारा’ यांचे यमक बसविलेले असते. विषय पवित्र आहे म्हणून कोणी बोलत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले तेव्हा त्यांनीही परक्या परंपरेतला साचा घेतला होता. पण १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांमागे त्यांनी मराठीसाठी केलेले कष्ट पानोपानी दिसतात. साचा उसना घेणे हा दोष नव्हे. उसन्या साच्यात स्वतःचे काहीच न ओतणे हा दोष.

या सर्व ध्वनिमुद्रिकांत, मराठी असोत वा इंग्रजी, आम्हांस एक गोष्ट हरवलेली दिसते, ती म्हणजे तक्रार. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांचा फार मोठा भाग विलापाचा आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी कोणी येऊन दिवा लावीत नाही. तरीही ख्रिस्तसभेने ते आपल्या नित्य प्रार्थनेतून गाळले नाही; रात्रीच्या प्रार्थनेत शुक्रवारी आजही ते म्हटले जाते. बाजारातील भक्तिसंगीताला हा अंधार परवडत नाही. दुकानावर ‘ख्रिस्ती’ ही पाटी नसलेल्या काही ध्वनिमुद्रिकांत मात्र तो सापडतो, आणि म्हणून आम्ही त्यांकडे वळतो.

बॉब डिलन हे जन्माने यहुदी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ख्रिस्तावरील श्रद्धा प्रकट केली आणि लागोपाठ तीन ध्वनिमुद्रिका काढल्या: १९७९ साली ‘स्लो ट्रेन कमिंग’, १९८० साली ‘सेव्ह्ड’ आणि १९८१ साली ‘शॉट ऑफ लव्ह’. पहिलीचे वादन या तिन्हींत सर्वांत सुरेख आहे; मार्क नॉफ्लर यांची गिटार म्हणजे कानाला मेजवानी. पण गाणारा मनुष्य बोट रोखून बोलतो. नव्याने श्रद्धेत आलेल्या माणसाची ती घाई आहे. तुम्ही कोणत्या बाजूचे, ते आत्ताच सांगा, असा त्याचा स्वर. ‘सेव्ह्ड’मध्ये तोच स्वर चढा होतो व थकवितो. तिसरी ध्वनिमुद्रिका विस्कळीत आहे, मधली काही गाणी काढून टाकली असती तरी चालले असते. परंतु तिच्या शेवटचे ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’ हे गाणे आधीच्या दोन्ही ध्वनिमुद्रिकांस भारी पडते. तेथे बोट रोखलेले नाही. तेथे एक मनुष्य स्वतःच्या पडझडीचा हिशेब देत आहे आणि वाळूच्या कणातही कोणाचा तरी हात आहे की काय, हे भीत भीत पाहत आहे. पापनिवेदनाला गेलेल्या माणसास हा स्वर लगेच ओळखू येईल.

याच डिलन यांनी २७ सप्टेंबर १९९७ रोजी इटलीतील बोलोन्या येथे पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर गायन केले. पोपमहाशयांनी तेथील तरुणांशी बोलताना डिलन यांच्याच एका जुन्या गाण्यातील वाऱ्याची प्रतिमा घेतली आणि तो वारा म्हणजे पवित्र आत्म्याचा श्वास असे तिचे विवरण केले. कार्डिनल रॅट्झिंगर यांस मात्र हा कार्यक्रम रुचला नव्हता. पोप सोळावे बेनेडिक्ट झाल्यावर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी तसे मोकळेपणाने लिहिले. त्यापूर्वी, २००० सालच्या ‘उपासनेचा आत्मा’ या ग्रंथातही त्यांनी रॉक संगीताविषयी कठोर मत मांडले होते: गर्दी, ठेका आणि प्रकाश यांच्या लाटेत मनुष्य स्वतःस विसरतो व ती ख्रिस्ती उपासनेच्या विरुद्ध दिशेची उपासना होते. दोन पोप, दोन मते. तेव्हा आपल्या घरी बापलेकांत या विषयावर वाद झाला तर कोणी फारसे मनास लावून घेऊ नये! उपासनेपुरता बेनेडिक्ट यांचा इशारा आम्हांस रास्त वाटतो. परंतु सर्व रॉक संगीत मनुष्यास स्वतःचा विसर पाडते हे काही खरे नाही. डिलन यांचे ते गाणे तर माणसाला स्वतःसमोरच उभे करते.

‘यू टू’ या आयर्लंडमधील वाद्यवृंदाची गोष्टही अशीच. त्यांचा गायक बोनो यांचे वडील कॅथलिक, आई प्रॉटेस्टंट. डब्लिनमधील त्या काळात हे घरच एक प्रश्न होते. १९८३ सालच्या ‘वॉर’ या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी ‘फॉर्टी’ नावाचे छोटे गाणे आहे, ते ४० व्या स्तोत्रावर आधारलेले. गंमत अशी की, देवाने खड्ड्यातून वर काढल्याबद्दलची कृतज्ञता या गाण्यात ४० व्या स्तोत्रातून येते, पण ध्रुपदात ‘किती काळ?’ हा जो आक्रोश आहे तो ६ व्या आणि १३ व्या स्तोत्रांचा आहे. आभार मानता मानता तक्रार करावी, हे स्तोत्रकर्त्यास जसे साधले होते तसे या तरुणांस साधले. वादक एकेक करून मंच सोडून जात आणि श्रोते ते ध्रुपद गातच राहत, अशी त्यांच्या कार्यक्रमांची प्रसिद्धी होती. १९८७ सालच्या ‘द जोशुआ ट्री’मध्ये तर शोध अपुरा राहिल्याची कबुली गॉस्पेलच्या चालीत गायिली आहे. कोणी म्हणेल, श्रद्धावंताचा शोध अपुरा कसा? संत ऑगस्टीन यांनी आपल्या अस्वस्थ हृदयाविषयी जे लिहिले ते वाचलेल्यास हा प्रश्न पडू नये. त्याच ध्वनिमुद्रिकेचा कार्यक्रम घेऊन ही मंडळी १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईतही येऊन गेली.

आता त्या ध्वनिमुद्रिकेकडे येऊ, जिच्याविषयी धर्मग्रामांत अजूनही आवाज खाली आणून बोलले जाते. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ही १९७० साली प्रथम दोन तबकड्यांच्या रूपात आली. रंगभूमीवर ती १९७१ साली आणि पडद्यावर १९७३ साली गेली. अँड्र्यू लॉइड वेबर यांचे संगीत, टिम राइस यांचे शब्द. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे. अमेरिकेत ख्रिस्ती आणि यहुदी अशा दोन्ही समाजांतून तिचा निषेध झाला. मुंबईत अलेक पदमसी यांनी १९७४ साली तिचा प्रयोग केला, आणि त्यात यहूदाची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा, मराठी नाटकाच्या घरात वाढलेला; पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये त्यांनी रॉकचा ढंग मराठी शब्दांत आणून दाखविला. मराठी भाषेला हा ठेका पेलतो, याचा तो पुरावा होता. आपल्या भक्तिगीतांवर त्याची सावलीही पडलेली दिसत नाही, ही खेदाची गोष्ट. भेंडे २०१४ साली वारले.

‘सुपरस्टार’वरचे काही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी शिष्य मद्याच्या धुंदीत आपल्या भावी कीर्तीची स्वप्ने पाहतात, आणि भाकर व द्राक्षारस यांविषयीचे प्रभूचे शब्द वैतागलेल्या माणसाच्या उपरोधासारखे येतात. ज्यांच्यासाठी पवित्र मिस्सा हा श्रद्धेचा गाभा आहे, त्यांना हे खुपणारच; ते खुपू नये असे आम्ही म्हणणार नाही. मरिया मग्दालिया हिला वेश्या ठरविण्याची जुनी चूकही येथे आहे. मात्र त्या चुकीस सहाव्या शतकातील पोप ग्रेगरी यांच्या प्रवचनाचा आधार आहे, तेव्हा एकट्या टिम राइस यांस दोष देता येत नाही. यहूदाला सर्वांत चांगली गाणी मिळाली, हा आक्षेप मात्र आम्हांस पटत नाही. विश्वासघातकी मनुष्य बुद्धिवान, तळमळीचा आणि आपणच बरोबर आहोत अशी खात्री असलेला असू शकतो, हे ऐकणे आपल्या हिताचे आहे.

आणि मग गेथसेमनी. शुभवर्तमानात ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ ही प्रार्थना एका वाक्याची आहे. मार्क १४:३६ पाहावे. मूळ ध्वनिमुद्रिकेत इयान गिलन यांनी ते वाक्य कित्येक मिनिटांच्या झुंजीत उलगडले आहे. स्वर चढतो, फाटतो, पुन्हा खाली येतो. कारण विचारले जाते, उत्तर येत नाही. आणि अखेर उत्तराविनाच होकार दिला जातो. आमच्या ऐकण्यात आलेल्या ‘ख्रिस्ती’ म्हणविणाऱ्या कोणत्याही रॉक ध्वनिमुद्रिकेत ख्रिस्ताच्या मानवी यातनेला इतके गांभीर्याने घेतलेले नाही. हे गाणे न लिहिता पुढे गेले असते तर क्रूसावरचे मरण एक देखावा झाले असते.

सर्वांत मोठा आक्षेप असा की, यात पुनरुत्थान नाही. खरे आहे, नाही. शेवटी शब्द थांबतात आणि केवळ वाद्यांची एक संथ रचना वाजते. पण तिचे नाव ‘जॉन नाइन्टीन फॉर्टी-वन’ असे आहे. योहान १९:४१ मध्ये काय आहे? जेथे त्याला क्रूसावर खिळले तेथे एक बाग होती, आणि बागेत एक नवी कबर. ध्वनिमुद्रिका तेथे, कबरेच्या दाराशी, आपल्याला उभे करून निघून जाते. ८८ वे स्तोत्रही असेच निघून जाते.

पुढच्या प्रायश्चित्तकाळात एखाद्या संध्याकाळी छावणीतील आपल्या तरुणांनी ही ध्वनिमुद्रिका वडीलधाऱ्यांसह सलग ऐकावी, असे आम्ही सुचवितो. दीड तास पुरे होतो. आक्षेप असतील ते तेथेच बोलून दाखवावेत. शेवटची वाद्यरचना थांबल्यावर मात्र लगेच दिवे लावू नयेत. थोडा वेळ तसेच बसावे, आणि मग कोणीतरी योहानाचा विसावा अध्याय मराठीतून वाचावा.