मोनोरेल म्हातारी का झाली?

(इचलकरंजीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "इचलकरंजीला साधं रेल्वे स्टेशन न्हाई, गाडी धरायला हातकणंगल्याला जावं लागतंय, आणि तुम्ही मोनोरेलवर बोलणार व्हय?" त्याचं काही चुकलं नाही. पण मी त्याला म्हटलं, बाबा, मी रेल्वेवर बोलणारच नाही. मी यंत्रावर बोलणार आहे. यंत्र जुनं कधी होतं, हे मागावर वाढलेल्या गावाला नाही कळणार तर कुणाला कळणार?

तर आधी हकिकत थोडक्यात सांगतो. मुंबईची मोनोरेल. चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा २ फेब्रुवारी २०१४ ला लोकांसाठी सुरू झाला. रविवार होता. लोक पोराबाळांना घेऊन जत्रेला यावं तसे आले. कुणाला कुठं जायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. वडाळ्यापासून पुढं संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये आला. सगळी मिळून साडेएकोणीस किलोमीटरची लाईन, १७ स्टेशनं. लाखाच्या घरात प्रवासी येतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात रोजचे पंधरा-वीस हजार.

मधल्या काळात काय काय झालं बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनीजवळ पहाटे गाडीचे दोन डबे जळाले. गाडी रिकामी होती म्हणून निभावलं. पण सेवा बंद झाली ती सप्टेंबर २०१८ पर्यंत. डिसेंबर २०१८ मध्ये एमएमआरडीएनं एल अँड टी आणि मलेशियाची स्कोमी यांचं कंत्राट रद्द करून कारभार स्वतःकडे घेतला. मग १९ ऑगस्ट २०२५. मुंबईत धो धो पाऊस, हार्बर लाईन बंद, माणसं मोनोरेलकडे वळली. गाडी म्हैसूर कॉलनीपाशी उंचावर अडकली. एसी बंद, दिवे बंद, खिडक्या उघडत नाहीत. अग्निशमन दलाच्या लोकांनी शिड्या लावून ५८२ माणसं खाली उतरवली. एमएमआरडीएनं कारण दिलं की गाडीची क्षमता १०४ टनांची आणि भार झाला १०९ टन. त्यामुळं वीज घेणारा भाग आणि वीज देणारी पट्टी यांचा संपर्क तुटला. महिना व्हायच्या आत, १५ सप्टेंबरला, पुन्हा एक गाडी अडकली. २० सप्टेंबरपासून सेवाच थांबवली. सांगितलं, आता नव्या गाड्या येतील, नवी सिग्नल यंत्रणा येईल.

ही झाली बातमी. माझी तक्रार बातमीच्या शेवटच्या वाक्याशी आहे. "गाड्या जुन्या झाल्या, नव्या येतायत." ऐकायला कसं सरळ वाटतं. पण २०१४ ते २०२५ म्हणजे अकरा वर्षं. अकरा वर्षांत रेल्वेचा डबा म्हातारा होतो का हो? आपल्याकडं आजोबांनी घेतलेला माग नातू चालवतो.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत सिएटल शहरात मोनोरेल आहे. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली, दीडेक किलोमीटरची. दोनच गाड्या, एक लाल, एक निळी. बांधणारी कंपनी आल्वेग, जर्मनीतली. त्या कंपनीचा कारभार साठच्या दशकातच आटोपला. म्हणजे पार्ट मागायला दारच उरलं नाही. तरी १९६२ च्या त्याच दोन गाड्यांवर शहरानं साठ वर्षांहून जास्त काळ सेवा चालवली. २००४ मध्ये एका गाडीला आग लागली, माणसांना शिडीनंच उतरवावं लागलं. २००५ मध्ये दोन्ही गाड्या एकमेकींना घासल्या. दोन्ही वेळा दुरुस्ती करून गाड्या परत मार्गावर आणल्या. पार्ट बाजारात मिळत नाही, तर तो घडवून घेतात.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहितीये, फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. हा तर करमणुकीचा बाग. १९७१ ला तिथं मोनोरेल आली. पहिल्या गाड्या वीसेक वर्षांनी बदलल्या आणि १९८९ पासून बंबार्डिए कंपनीच्या बारा गाड्या आणल्या. त्या पिढीला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. तिथले शौकीन नव्या गाड्यांची वाट बघत बसलेत, आणि कंपनी आहे त्याच गाड्यांचं आतलं-बाहेरचं काम करत त्या चालवत आलीय. एवढंच काय, बंबार्डिएचा रेल्वे धंदा २०२१ मध्ये आल्स्टॉमनं विकत घेतला. बनवणाऱ्याचं नाव बदललं, गाडी थांबली नाही.

तिथं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. ५ जुलै २००९ ला तिथं दोन मोनोरेल धडकून एक तरुण चालक गेला. चौकशीत काय निघालं? रुळ बदलणारा भाग जागेवर आला की नाही हे नीट तपासलं गेलं नाही, आणि कामाची पद्धत ठरवून दिलेली नव्हती. म्हणजे गाडीच्या वयाचा संबंध नव्हता. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग मुंबईची गाडी अकराव्या वर्षी का थकली? इथं मी तुम्हाला आपल्या गावात परत आणतो.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून हे गाव यंत्राच्या खडखडाटात झोपतं आणि उठतं. माझ्या चुलत्यांकडं चार साधे माग होते. ते कधी बंद पडले की दादा जॉबरला बोलवायचे. जॉबरमामा यायचे, कान लावून ऐकायचे, म्हणायचे, "पिकर गेलाय." नाहीतर, "धोटा घासतोय." पिकर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा. लोखंडी पार्ट मोडला तर फौंड्रीत नमुना देऊन ओतून आणायचा, लेथवर साफ करून घ्यायचा. तास-दोन तासात माग चालू. त्या मागाचं वय कुणी कधी विचारलंच नाही.

पुढं आमच्याच नात्यातल्या एकानं परदेशातले वापरलेले शटललेस माग घेतले. चांगला निर्णय होता, मी नावं ठेवत नाही. कापड चांगलं निघायचं, वेग जास्त. पण एका मागाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं. ज्यांनी माग विकला ते फोन उचलेनात. मूळ कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. मग काय केलं? शेजारच्या मागातलं कार्ड काढून याला घातलं. हा चालू झाला, तो बंद. सहा महिन्यांनी आणखी एक पार्ट गेला, तोही त्याच बंद मागातून काढला. वर्षभरात एक माग नुसता सांगाडा उरला. त्यावर चादर टाकलेली असायची. तो माग साध्या मागाच्या निम्म्या वयाचा होता बघा, पण म्हातारा तोच झाला.

तुमच्यापैकी किती जणांनी हे केलंय? हात वर करू नका, मला माहितीये. (हशा)

मोनोरेलचं नेमकं हेच झालं. गाड्या स्कोमीच्या. पार्ट मलेशियातून यायचे. कंपनी पुढं स्वतःच आर्थिक अडचणीत गेली. ब्राझीलमध्ये साओ पाउलो शहरातही एका लाईनसाठी याच कंपनीला काम दिलेलं होतं, तेही २०१९ मध्ये काढून घ्यावं लागलं. मुंबईत पार्ट मिळेनात, तेव्हा एका गाडीतून काढून दुसरीला घालायची पाळी आली. चालत्या गाड्या कमी, म्हणून फेऱ्या कमी. पंधरा-वीस मिनिटांनी एक गाडी. मुंबईच्या माणसाला पंधरा मिनिटं थांबायला सांगणं म्हणजे येऊ नका सांगणंच. माणूस येत नाही म्हणून उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून देखभालीला हात आखडता. आणि एक दिवस लोकल बंद पडते, सगळं शहर त्या एका गाडीवर येऊन पडतं, तेव्हा ती गाडी पाच टन जादा भारानं उंचावर थांबते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: यंत्राचं वय वर्षांत मोजू नका. त्याचा पार्ट किती लांबून येतो, आणि ते उघडून बघणारा माणूस कुणाचा आहे, यावर मोजा. सिएटलनं कंपनी बुडाल्यावरही गाडी आपली मानली. मुंबईनं गाडी विकत घेतली, पण ती गाडी कळणारा माणूस भाड्यानं ठेवला. तो गेला, आणि गाडी अनाथ झाली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही जुनं ते सोनं म्हणणारे. तसं नाही. जुन्या मागाचं कौतुक मी करतो, पण त्या मागावर बारा-बारा तास उभं राहिलेल्या माणसाच्या कानाचं काय झालं तेही मी पाहिलंय. नवं यायलाच पाहिजे. मोनोरेलच्या नव्या गाड्याही यायलाच पाहिजेत. दुसरा मार्ग सिडनीचा. तिथं १९८८ ला सुरू केलेली मोनोरेल २०१३ ला बंद करून पाडून टाकली. मुंबईत तसं करा म्हणणारेही आहेत, आणि खर्च बघितला तर त्यांचं म्हणणं वेडगळ नाही. पण ती लाईन अँटॉप हिल, म्हैसूर कॉलनी अशा वस्त्यांवरून जाते. तिथल्या माणसाला स्टेशन दारात आहे. जवळपास अडीच हजार कोटी खर्चून उभे केलेले खांब पाडायचे आणि त्या माणसाला पुन्हा रिक्षाच्या रांगेत उभं करायचं, हे मला पटत नाही.

तर नव्या गाड्या. त्यांचीही कथा सोपी नाही. २०२० मध्ये दहा गाड्यांची निविदा निघाली, फक्त चिनी कंपन्या आल्या, म्हणून ती रद्द केली. मग हैदराबादच्या मेधा सर्व्हो ड्राइव्हज आणि मलेशियाच्या एसएमएच रेल यांच्याकडं दहा गाड्यांचं काम गेलं, सुमारे ५९० कोटींचं. या वेळी गाड्या देशात तयार होतायत, सिग्नल यंत्रणा हैदराबादेत विकसित झालीय. ही चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणानं म्हटली पाहिजे. जॉबरमामांच्या भाषेत, पार्टचं दुकान जवळ आलं.

पण ५ नोव्हेंबर २०२५ ला वडाळ्यात चाचणी चालू असताना यातलीच एक नवी गाडी मार्गावरून घसरून कलली. तीन कर्मचाऱ्यांना किरकोळ दुखापत झाली. गाडी नवी कोरी होती. मघाशी फ्लोरिडाचा अपघात ध्यानात ठेवा म्हटलं ते यासाठी. जुनेपण हे दर वेळी कारण नसतं, आणि नवेपण ही हमी नसते. जुनी गाडी थांबली की "जुनी होती" म्हणून सुटायचं, आणि नवी कलली की "चाचणीच होती" म्हणून सुटायचं, असं चालणार नाही. १९ ऑगस्टनंतर दोन अधिकारी निलंबित झाले. ठीक. पण गाड्या ज्या निर्णयानं अनाथ झाल्या, त्या निर्णयाचा हिशेब त्यात कुठं आला?

मग नागरिक म्हणून विचारायचं काय? मी तीन प्रश्न देतो, घरी घेऊन जा. एक, या गाडीतले कुठले पार्ट देशाबाहेरून येतात, आणि त्यांचा साठा किती वर्षांचा ठेवलाय? दोन, कंपनी उद्या बुडाली तर गाडीचे नकाशे आणि आतलं सॉफ्टवेअर कुणाच्या ताब्यात? तीन, गाडी उंचावर थांबली तर माणूस खाली कसा येणार? त्या तुळईला लागून चालायला वाट नाही, त्यामुळं दर वेळी अग्निशमन दलाच्या शिडीची वाट बघायची. तीही पावसात, जेव्हा शिडीची गाडी स्वतःच पाण्यात अडकलेली असू शकते.

हे तीन प्रश्न फक्त मोनोरेलचे नाहीत. उद्या आपल्या महापालिकेनं इलेक्ट्रिक बस घेतल्या, पाण्याचे नवे पंप घेतले, तरी हेच विचारा. फीत कापायला कोण येणार हे नंतर विचारा. आणि हातकणंगले-इचलकरंजी रेल्वेची एवढी वर्षं चर्चा ऐकतोय आपण. ती कधी आलीच, तर पहिल्या दिवशी पोराबाळांना घेऊन जरूर बसा. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनमास्तरला विचारा, "साहेब, हिचा जॉबर कोण?"



(व्याख्यानानंतर एका ज्येष्ठ श्रोत्यानं विचारलं: "मग तो चादर टाकलेला माग शेवटी कुठं गेला?" व्याख्याते म्हणाले: "भंगारात, किलोच्या भावानं. आणि साधे चार माग चुलत्यांनी विकले, तेव्हा ते दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन पुन्हा चालू झाले.")