निजलेले आणि जागणारे

सिंगापूरच्या चोआ चू कांगमध्ये सरकारी घरांच्या इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. तिथे त्याला 'व्हॉइड डेक' म्हणतात. चिनी घरातलं कुणी गेलं की तिथे शवपेटी ठेवून तीन, पाच किंवा सात दिवस लोक भेटायला येतात. या बसण्याला इंग्रजी शब्द 'वेक'. मूळ अर्थ जागरण, प्रेताजवळ रात्र काढणं. रात्री उशिरा शेंगदाणे सोलत, पत्ते पिसत बसलेली मंडळी पाहिली की वाटतं, तो जुना अर्थ इथे अजून नांदतोय.

आता चोआ चू कांग याच नावाची दफनभूमी घ्या. देशात नव्या दफनासाठी खुली राहिलेली ही एकच. 'सेमेटरी' म्हणजे मूळ ग्रीकमध्ये निजायची जागा. मेलेल्यांनी निजायचं, उरलेल्यांनी जागायचं: दोन शब्दांनी केवढी नेटकी वाटणी केली! मात्र 1998पासून इथल्या झोपेला 15 वर्षांची मुदत आहे. पुढे कबर उकरतात. धर्माला दहन चालत असेल तर दहन, नसेल तर अवशेष पुन्हा पुरायचे.

पण खरी कारागिरी 'बिरीव्ह'मध्ये आहे. त्याचा जुना अर्थ लुटणं. आपल्याकडेही काळ माणूस हिरावूनच नेतो. या क्रियापदाची भूतकाळी रूपं दोन, आणि वापरानं ती हळूच वेगळी केली. आशा गेली, शब्द सुचेना, तर माणूस 'बिरेफ्ट'. घरातलं माणूस गेलं, तर 'बिरीव्ह्ड'. सगळ्या लुबाडणुकींतून एक बाजूला काढून तिच्यासाठी स्वतंत्र रूप राखायचं, तेही कुणी नियम न घालता. व्याकरणाला एवढी अदब असते!

नादही ऐकावा. 'मोर्न' मिटल्या ओठांनी सुरू होतो आणि नाकात विरतो. तो आतल्या आत कढ काढणाऱ्याचा. 'वेल'ला तोंड उघडावंच लागतं, आपल्या हंबरड्यासारखं. आयरिश भाषेतून आलेला 'कीन' त्याहून बारीक, एकाच लांब 'ई'वर ताणलेला. मेलेल्यासाठी गळा काढणाऱ्या बायकांचा सूर त्यात पकडलाय.

शोकगीतासाठीचा 'थ्रेनडी' मला फारसा भावत नाही. भारदस्त आहे, पण कुणी रडताना तोंडात येणार नाही. त्यापेक्षा 'डर्ज' पाहा. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतलं एक पद 'डिरिगे', म्हणजे 'मार्ग दाखव', या शब्दानं सुरू व्हायचं. देवाला केलेली ही विनवणी म्हणता म्हणता झिजली, तीन अक्षरांचं एक झालं, आणि शोकगीताचं नाव होऊन बसली.